डब्ल्यू-२ वरचा ‘डब्ल्यू’ आणि फॉर्म ८८८९

आमचं २०२४ चं टॅक्स रिटर्न यंदा मी घरीच भरलं. दोघांचे पगार, बँकेचं व्याज, थोडेफार शेअर्स हे सगळं एका शनिवार-रविवारात उरकलं. हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटचा, म्हणजे एचएसए या औषधोपचारासाठीच्या बचत खात्याचा, एका पानाचा फॉर्म ८८८९ मात्र जानेवारीत मानगुटीवर बसला तो एप्रिलमध्ये उतरला. आमच्यासारखी नोकरीची आणि विम्याची वर्षभर उलथापालथ झालेली कुटुंबं इकडे बरीच आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी सीपीए, म्हणजे परवानाधारक अकाउंटंट नाही. न्यू जर्सीत एडिसनला राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. खालचे आकडे २०२४ सालचे आहेत आणि दर वर्षी बदलतात, तेवढं लक्षात ठेवा.

सुरुवात नोव्हेंबर २०२३ मधली. ऑफिसात ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचा विमा निवडायचा काळ, सुरू होता. तेव्हा नवरा आणि मी आपापल्या कंपनीच्या विम्यावर होतो. मी जास्त डिडक्टिबलचा (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण खिशातून भरायची रक्कम जास्त असलेला), म्हणजे एचडीएचपी प्लॅन घेतला, एकटीचा. प्रीमियम बराच कमी होता आणि त्यासोबत एचएसए उघडता येत होतं. हे खातं अमेरिकेत २००४ पासून आहे. पैसे जाताना फेडरल टॅक्स नाही, आत वाढताना नाही, आणि औषधोपचारासाठी काढले तर तेव्हाही नाही. एफएसए हे कंपनीमार्फत मिळणारं औषधोपचाराचं दुसरं खातं, त्यातले पैसे वर्षअखेरी बहुतांशी बुडतात, एचएसएतले बुडत नाहीत. नोकरी सुटली तरी खातं आपलंच. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला ही शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते.

जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पगारातून १२० डॉलर जाऊ लागले. आमचा पगार महिन्यातून दोनदा होतो. कंपनीने स्वतःचे ५०० डॉलर वर्षाच्या सुरुवातीलाच टाकले. एकटीसाठी त्या वर्षीची कमाल मर्यादा ४,१५० डॉलर होती, मी त्याच्या आतच होते. सगळं सरळ चाललेलं.

मे महिन्यात नवऱ्याची नोकरी गेली. ले-ऑफचा तो फोन, मग एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची साठ दिवसांची मुदत, मग एच-४ या जोडीदाराच्या व्हिसाचा अर्ज. त्याबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळाच अध्याय आहे. पण त्या गडबडीतही एक काम वेळेत केलं, त्याचं आज बरं वाटतं: त्याचा विमा ३१ मेला संपणार होता, तर मी लगेच एचआरला कळवून त्याला १ जूनपासून माझ्या प्लॅनवर घेतलं. जोडीदाराचा विमा गेला की तीस दिवसांच्या आत असं करता येतं. मुदत चुकली तर पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत थांबावं लागतं. एचआरला त्याच्या कंपनीचं विमा संपल्याचं पत्र लागतं. ते पत्र मिळायला वेळ लागतो, म्हणून आधी ईमेलने विनंती नोंदवून ठेवा आणि पत्र मागाहून द्या.

अशा रीतीने १ जूनपासून माझा प्लॅन ‘फॅमिली’ झाला. नवरा-बायको दोघंच असले तरी एचएसएच्या हिशोबात ते कुटुंबच. कंपनीने आणखी ३०० डॉलर टाकले आणि मी पगारातली कपात २०० वर नेली. एचएसएची कपात वर्षात मधेच बदलता येते, एफएसएसारखी वर्षभर अडकून राहत नाही. एकच पगार उरलेला असताना ती वाढवायची की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. पण विमा नवीन, डिडक्टिबल दुप्पट. काही झालं तर पैसे हाताशी हवेत, म्हणून वाढवलीच.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीकडून मिळणारा कागद, आला. चौकट १२ मध्ये ‘डब्ल्यू’ या कोडपुढे ४,८०० डॉलर होते.

बहुतेक लोक अडखळतात ते इथेच. माझ्या हिशोबाने कंपनीने दिले होते फक्त ८०० आणि उरलेले ४,००० माझ्या पगारातून गेलेले. पण पेरोलमधून, टॅक्स कापायच्या आधी गेलेले पैसे आयआरएसच्या, म्हणजे फेडरल टॅक्स खात्याच्या, लेखी मी भरलेले नसतातच. ते ‘एम्प्लॉयर’चे धरले जातात. म्हणून दोन्ही मिळून एकच आकडा येतो. आणि हे ४,००० चौकट १ च्या पगारातून आधीच वजा झालेले असतात. ते पडताळून पाहायचं असेल तर डिसेंबरचा शेवटचा पे-स्टब (पगाराची पावती) काढा. वर्षभराच्या एकूण पगारातून ४०१के (निवृत्तीसाठीची बचत), विम्याचा हप्ता आणि एचएसए वजा केलं की चौकट १ चा आकडा यायला हवा. माझा डॉलरवर जुळला. तो जुळला तेव्हा पुढच्या कामाचं बळ आलं.

हे नीट कळलं नाही तर काय होतं त्याचं उदाहरण आमच्या मंडळातच आहे. एका मैत्रिणीने वर्षभरात पगारातूनच पूर्ण ४,१५० भरले होते. सॉफ्टवेअरने डब्ल्यू-२ वरून तो आकडा उचललाच होता. मग पुढे प्रश्न आला, तुम्ही स्वतः एचएसएत किती भरले? तिने प्रामाणिकपणे पुन्हा ४,१५० लिहिले. पुढच्याच पानावर लाल अक्षरांत जादा रक्कम ४,१५० आणि त्यावर सहा टक्के दंड, २४९ डॉलर! बिचारी रात्री साडेदहाला मला फोन करून विचारत होती की एवढे पैसे परत काढावे लागतील का. त्या रकान्यात शून्य घातल्यावर दंड गायब झाला. तो प्रश्न फक्त आपल्या बँक खात्यातून, टॅक्स भरून झालेल्या पैशांतून थेट एचएसएत टाकलेल्या रकमेबद्दल असतो. सॉफ्टवेअरवाले हा प्रश्न इतक्या मोघमपणे का विचारतात, कोण जाणे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एचएसए सांभाळणाऱ्या बँकेच्या साइटवर १०९९-एसए दिसू लागला. हा वर्षभरात खात्यातून काढलेल्या पैशांचा कागद. तो आपोआप टपालाने येईलच असं समजू नका. ‘पेपरलेस’ला होकार दिला असेल तर तो साइटच्या कुठल्यातरी कोपऱ्यात पडून राहतो. माझ्या कागदावर एकूण १,१४६ डॉलर आणि कोड ‘१’, म्हणजे नेहमीसारखे काढलेले पैसे. जादा भरलेली रक्कम परत घेतली असती तर तिथे ‘२’ आला असता.

त्या १,१४६ मध्ये काय काय होतं? माझ्या रक्ततपासण्या, एकदा अर्जंट केअर, नवऱ्याचा चष्मा, फार्मसीतली किरकोळ औषधं. २०२० पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं आणि सॅनिटरी पॅडही चालतात. आणि एक रूट कॅनाल, तेही पुण्यातलं. दिवाळीला घरी गेलो होतो तेव्हा दाढ ठणकायला लागली आणि तिथेच करून घेतलं. भारतात करून घेतलेला दंतोपचारही एचएसएतून भरता येतो. मी तिथे रुपयांत पैसे दिले आणि परत आल्यावर तेवढे डॉलर खात्यातून स्वतःला वळते केले. फक्त पावती नीट घ्या. डेंटिस्टने आधी नुसत्या चिठ्ठीवर ‘आरसीटी + कॅप’ आणि रक्कम एवढंच खरडून दिलं होतं. मी मागितल्यावर रिसेप्शनवरच्या ताईंनी लेटरहेडवर पेशंटचं नाव, तारीख, कुठल्या दाढेचं काय केलं आणि किती पैसे घेतले ते लिहून, शिक्का मारून दिलं. “अमेरिकेत क्लेम करणार का?” असं त्यांनी सहज विचारलं, म्हणजे मी काही पहिली नव्हते.

नवऱ्याचा चष्मा एप्रिलमधला होता, तेव्हा तो माझ्या विम्यावर नव्हता. तरीही चालतो. एचएसएतून नवऱ्याचा किंवा बायकोचा खर्च करता येतो, तो जोडीदार आपल्या प्लॅनवर असो वा नसो. खर्च खातं उघडल्यानंतरचा हवा आणि दुसऱ्या कुणी तो भरून दिलेला नसावा, एवढंच. उलट, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांच्या डॉक्टरचं बिल यातून भरू नका. ते आपल्या टॅक्सच्या व्याख्येत डिपेंडंट बसत नाहीत, आणि अशा खर्चासाठी काढलेल्या पैशांवर टॅक्स तर लागतोच, वर वीस टक्के दंडही. इकडे हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच.

फॉर्मवर या पावत्या जोडायच्या नसतात. १४ए या ओळीवर १,१४६, ओळ १५ वर पात्र खर्चाचे १,१४६, ओळ १६ वर शून्य. संपलं. पण पावत्या आपल्याजवळ हव्यात. मी प्रत्येकीचा फोटो काढून २०२४ च्या फोल्डरात ठेवलाय, कारण फार्मसीच्या पावत्यांची शाई वर्षभरात उडून जाते.

फेब्रुवारीच्या मध्यावर मी फॉर्म ८८८९ आणि त्याच्या सूचना छापून घेतल्या. एडिसनमधल्या एका टॅक्स ऑफिसात आधी चौकशी केली होती. त्यांनी साडेतीनशे डॉलर सांगितले आणि दोघांचे डब्ल्यू-२ पाठवून द्या म्हणाले. नवऱ्याचं एफएसए होतं का, प्लॅन वर्षात बदलला का, यातलं काहीच विचारलं नाही. तेव्हाच ठरवलं की आपणच वाचू. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर काहींच्या मोफत आवृत्तीत हा फॉर्म येत नाही, तो लागला की अपग्रेडचे पैसे मागतात. मी असं निवडलं ज्यात फेडरल फुकट होतं आणि राज्याच्या रिटर्नचे पंधराएक डॉलर.

एफएसएचा मुद्दा का महत्त्वाचा, ते सांगते. जोडीदाराकडे सर्वसाधारण हेल्थ एफएसए असेल आणि त्यातून आपलाही खर्च होऊ शकत असेल, तर त्या महिन्यांत आपण एचएसएला पात्रच नसतो. एक पैसाही त्यातून आपल्यावर खर्च झालेला नसला तरी. म्हणजे नवऱ्याच्या जुन्या कंपनीत त्याने एफएसए घेतलेलं असतं, तर माझे जानेवारी ते मे हे महिने बाद झाले असते. त्याला विचारलं तर म्हणाला, “बहुतेक नाही.” या ‘बहुतेक’ने माझी झोप उडवली. नोकरी गेल्यावर पोर्टलचं लॉगिन बंद झालेलं. डब्ल्यू-२ वर एफएसए दिसेलच असं नसतं. शेवटी त्याच्या खासगी ईमेलमध्ये फेब्रुवारी २०२४ चा एक पे-स्टब सापडला. त्यावरच्या कपातींची एकेक ओळ वाचली: मेडिकल, डेंटल, व्हिजन, ४०१के, कम्यूटर. एफएसए नव्हतं. तरी खात्री म्हणून जुन्या एचआरला ईमेल केला. दहा-बारा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, त्या वर्षी एफएसए निवडलेलं नाही. तो ईमेलही फोल्डरात गेला. ले-ऑफ झाला की लॉगिन बंद व्हायच्या आत सगळे पे-स्टब आणि बेनिफिटची कागदपत्रं उतरवून घ्या, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

मग मर्यादेचा हिशोब. २०२४ साठी एकट्याला ४,१५०, कुटुंबाला ८,३००. पंचावन्न वर्षांवरच्यांना आणखी १,०००. माझे पाच महिने एकटीचे, सात महिने कुटुंबाचे. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला कुठला प्लॅन होता ते पाहायचं. पाच गुणिले ४,१५० म्हणजे २०,७५०. सात गुणिले ८,३०० म्हणजे ५८,१००. बेरीज ७८,८५०, भागिले बारा, म्हणजे ६,५७० डॉलर ८३ सेंट.

पण सूचनांमध्ये ‘शेवटच्या महिन्याचा नियम’ म्हणून एक प्रकार आहे. १ डिसेंबरला तुम्ही फॅमिली प्लॅनवर आणि पात्र असाल तर पूर्ण वर्षच तुम्ही तसे होता असं धरलं जातं. म्हणजे माझी मर्यादा थेट ८,३००. वाचून पहिल्यांदा आनंदच झाला. मग अट वाचली. असा फायदा घेतला तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पात्र राहावं लागतं. मधेच पात्रता गेली तर महिन्यांच्या हिशोबापेक्षा जेवढे जास्त भरले तेवढे उत्पन्नात धरले जातात आणि वर दहा टक्के दंड. आमच्या बाबतीत तो फरक सुमारे १,७२९ डॉलरचा होता. फॅमिलीवरून पुन्हा एकटीच्या एचडीएचपीवर गेलं तर काही बिघडत नाही. पण वेगळ्याच प्रकारच्या प्लॅनवर गेलं, किंवा नवऱ्याने नव्या कंपनीत एफएसए घेतलं, तर बिघडतं. त्याला नुकतीच एक ऑफर आली होती, माझ्या ऑफिसात पुनर्रचनेच्या बातम्या सुरू होत्या. वर्षभर अमुकच प्लॅनवर राहीन अशी हमी देण्याच्या परिस्थितीत मी नव्हते. म्हणून ठरवलं, ६,५७० वर थांबायचं.

४,८०० आधीच गेले होते, उरले १,७७०. गेल्या वर्षासाठीचे पैसे यंदाच्या १५ एप्रिलपर्यंत भरता येतात. यातून फेडरल टॅक्स बावीस टक्क्यांनी साधारण ३८९ डॉलर वाचणार होता. पगारातून गेले असते तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्केही वाचले असते, थेट भरल्यावर ते वाचत नाहीत. तरी ३८९ कमी नव्हेत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एचएसएच्या साइटवरून १,७७० भरले. कुठल्या वर्षासाठी, असा एक छोटा रकाना असतो आणि त्यात चालू वर्ष आधीच निवडलेलं असतं. मी तो बदलून २०२४ केला, पुढच्या पानावर २०२४ दिसलं, त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला. दोन दिवसांनी पैसे जमा झाले ते २०२५ च्या खात्यावर! चॅटवरचा माणूस म्हणाला, एकदा जमा झालं की बदलता येत नाही. फोनवर बराच वेळ संगीत ऐकल्यावर भेटलेल्या बाई म्हणाल्या, येतं, त्यासाठी दुरुस्तीचा एक फॉर्म आहे. तो उतरवून, सही करून, स्क्रीनशॉटसह अपलोड केला. आठवडाभर काहीच हाललं नाही. पुन्हा फोन केला तर ‘प्रक्रियेत आहे’. १५ एप्रिल डोक्यावर असती तर माझा धीर सुटला असता. मार्च होता म्हणून निभावलं. महिनाअखेरीस साइटवर २०२४ समोर ६,५७० दिसले आणि २०२५ समोर फक्त यंदाच्या पगारांतले. तेव्हाच रिटर्न भरायला बसले. मागच्या वर्षाचे पैसे भरणार असाल तर एप्रिलची वाट पाहू नका, आणि तो स्क्रीनशॉट घ्याच.

प्रत्यक्ष फॉर्म भरायला फार तर अर्धा तास लागला. ८८८९ हा ज्याचं खातं त्याच्या एकट्याच्या नावाने असतो, रिटर्न जोडीने भरलं तरी. सॉफ्टवेअर आधी विचारतं, खातं कोणाचं? मग महिन्यांप्रमाणे प्लॅन विचारतं. मी जानेवारी ते मे एकटी, जून ते डिसेंबर फॅमिली असं भरलं. ओळ १ वर ‘फॅमिली’ची खूण आणि ओळ ३ वर ८,३०० आले. क्षणभर दचकले, पण ते बरोबरच होतं. १ डिसेंबरला फॅमिलीवर असल्याने फॉर्म पूर्ण मर्यादा दाखवतो. ६,५७० चा संयम माझा होता, फॉर्मचा नव्हे. ओळ ९ वर ४,८००, ओळ १२ वर उरलेले ३,५००, ओळ २ वर मी स्वतः भरलेले १,७७०, आणि ओळ १३ वर त्या दोहोंतला लहान आकडा, १,७७०. तोच पुढे रिटर्नच्या शेड्यूल १ या जोडपत्राच्या ओळ १३ वर गेला आणि उत्पन्नातून वजा झाला. योगायोगाने ओळींचे क्रमांकही सारखेच. पीडीएफ उतरवून, छापलेल्या कोऱ्या फॉर्मवर मी पेन्सिलने मांडलेल्या आकड्यांशी पडताळून पाहिली. दोन्ही जुळले.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही स्वतः काहीच भरलं नसेल, फक्त पगारातून गेलं असेल, तरीही ८८८९ जोडावाच लागतो. पैसे काढले असतील तर विशेषच. तो नसेल तर आयआरएसकडे १०९९-एसएचा आकडा असतो आणि तो औषधोपचारावर खर्च झाला हे सांगणारा कागद नसतो. मग पत्र येतं. ग्रीन कार्डच्या रांगेत असताना आयआरएसचं पत्र कुणालाच नको असतं.

फेडरल झालं की न्यू जर्सी. इथे आणि कॅलिफोर्नियात राज्य सरकार एचएसए मानतच नाही. त्यामुळे डब्ल्यू-२ वर राज्याच्या पगाराची चौकट १६ फेडरलच्या चौकट १ पेक्षा मोठी असते. नवीन आलेल्या बऱ्याच जणांना ती छपाईची चूक वाटते. तसं नाही, न्यू जर्सीने एचएसएचे पैसे, शिवाय विम्याचा हप्ताही, परत पगारात धरलेला असतो. माझ्या १,७७० ची वजावट राज्याच्या रिटर्नवर मिळाली नाही. शिवाय एचएसएत गुंतवलेल्या पैशांवरचं व्याज आणि डिव्हिडंड राज्यासाठी करपात्र असतो आणि त्याचा वेगळा १०९९ कुणी पाठवत नाही. खात्याची बारा महिन्यांची स्टेटमेंट उघडून मी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, पन्नास डॉलरच्या आत भरली. एवढ्याशा रकमेसाठी बारा पीडीएफ उघडताना न्यू जर्सीला चार शब्द सुनावले, पण रकाना भरला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही रिटर्न ई-फाइल केली. फेडरल दुसऱ्या दिवशी स्वीकारल्याचा ईमेल आला, रिफंड तीन आठवड्यांच्या आत जमा झाला. न्यू जर्सीने थोडा जास्त वेळ घेतला. मे महिन्याच्या शेवटी ५४९८-एसए आला. हा जमा झालेल्या पैशांचा कागद, आणि तो रिटर्नची मुदत उलटून गेल्यावर येतो, कारण १५ एप्रिलपर्यंत लोक भरतच असतात. तो आला म्हणून रिटर्न पुन्हा उघडायची गरज नाही, फक्त जुळवून पाहायचं. चौकट २ मध्ये २०२४ सालात जमा झालेले ४,८००, चौकट ३ मध्ये २०२५ मध्ये २०२४ साठी भरलेले १,७७०. मार्चमधल्या त्या फोनांचं फळ चौकट ३ मध्ये होतं.

नवऱ्याने एप्रिलमध्ये नवी नोकरी सुरू केली. बेनिफिटचा फॉर्म भरताना त्याने एफएसएच्या रकान्यावर येऊन मला हाक मारली आणि दोघांनी मिळून ‘नको’वर टिचकी मारली. २०२५ साठी फॅमिलीची मर्यादा ८,५५० आहे. माझी पगारातली कपात मी त्याप्रमाणे वाढवून घेतली आहे, म्हणजे पुढच्या मार्चला थेट भरायचं काही उरणार नाही आणि ते ७.६५ टक्केही वाचतील.